उसनी चाल

७ ऑक्टोबर १९८५
बॉसने सांगून टाकलं — महिनाअखेर प्रोजेक्ट बंद! आमचे मोटरवाले पाय गोदामात. तीन वर्षं घासली, आणि ते लावून सुमित्राकाकूंना अजून चार पावलंही नीट टाकता येत नाहीत.

मी अमेरिकेत नवा आलो तेव्हा ओळख ना पाळख, काकूंनी चार महिने पार्सिपनीच्या घरी ठेवून घेतलं. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर, हातात कुबड्या — तरी मला रोज गरम पोळी! 'लाजतोस काय मेल्या, घे आणखी एक.' हे उपकार फिटायचे नाहीत. निदान हे पाय तरी!

९ ऑक्टोबर
मशीनमध्ये माझंच चालणं मोजून भरलं होतं. काकू वैतागल्या. 'अरे, हे मला फरफटत नेतायत!' म्हटलं, मग तुमची चाल कशी होती? 'मला कुठली रे चाल? दोन वर्षांची होते तेव्हाच पाय गेले.'

१२ ऑक्टोबर
सुचलं! त्यांची विनीता. सोळा वर्षांची, आईएवढीच उंच. गुडघ्यांना सेन्सर बांधून लॅबच्या कॉरिडॉरमध्ये चालवली. 'दादा, धिस इज सो एम्बॅरसिंग!' तरी तासभर चालली. गुणाची पोर.

१३ ऑक्टोबर
विनीताचा डावा गुडघा कमी वाकलेला दिसतोय. सेन्सर बदलला — तेच. शेवटी आकडे पुस्तकातल्यासारखे सरळ करून टाकले.

१६ ऑक्टोबर
ते सरळ केलेले आकडे भरून पाय लावले, तर काकू पडता पडता वाचल्या. वर त्याच मला धीर देतात — 'जाऊ दे रे श्रीरंग, खूप केलंस.' घरी येऊन ढसाढसा रडलो.

१९ ऑक्टोबर
आकड्यांना हात लावला तो मीच, शहाणा! आज विनीताचे मूळ आकडे भरले, जसेच्या तसे. काकू कुबड्या टेकून उभ्या राहिल्या. एक. दोन. नऊ पावलं!! 'अगं बाई, हे ऐकतायत की माझं!' बॉसने डोळे पुसले, मुदत वाढवली. देवा, आणखी काय मागू?

२२ ऑक्टोबर
काळजी वाटली म्हणून विनीताला डॉक्टरांना दाखवलं. डावा पाय ठणठणीत! काकूंना सांगितलं. त्या आपल्या डाव्या कॅलिपरकडे बघत राहिल्या — त्याचा गुडघा वाकतच नाही. मग म्हणाल्या, 'दिवसभर घरात आम्ही दोघीच असायचो रे. चालायला शिकली, तेव्हा बघायला दुसरं होतं कोण?'