आत्याबाईंची पुढची सोय

मी, परिचारिका विद्यालयातील सराव वर्गाची शिक्षिका, वय एकोणसाठ, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण नाही असे म्हणते, कारण धाकटी बहीण आताच घरी गेली. शुद्धीत असल्याचा दाखला वॉर्डातल्या डॉक्टरांनी दिला. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांनी स्टेथोस्कोप कानात उलटा घातला आहे हेही सांगितले. दाखला लगेच मिळाला.

उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. त्यातून मी उठले नाही, तर माझ्या मागे पुढीलप्रमाणे वागावे.

कलम १. शिंप्याच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या धाकट्या बहिणीला द्याव्यात. ती आल्या आल्या भिंतींना हिरवा रंग देणार, हे मला ठाऊक आहे. देऊ दे. ती जन्मभर मला नाटकी म्हणत आली, आणि ते अगदीच खोटे नाही. बावीस वर्षे मी मुलींसमोर घेरी येऊन पडले, भाजले, घशात घास अडकवून घेतला, आणि बाळंतीणही झाले, सत्तर-पंचाहत्तर वेळा तरी. प्रत्यक्षात मी अविवाहित आहे. शिकणाऱ्याच्या हातून चूक व्हायचीच, तर ती खोट्या रोग्यावर व्हावी, एवढेच माझे म्हणणे. बहिणीला ते कधी पटले नाही. मी खरोखर शिंकले तरी ती म्हणते, "पुरे झालं गं ताई, इथे कोणी गुण देत नाहीये."

कलम २. आत्याबाई. ही माझी सर्वात मोठी मिळकत. पूर्ण उंचीची रोगीण, मी स्वतः बनवलेली. धड शिंप्याच्या जुन्या पुतळ्याचे, छातीत सोफ्याची स्प्रिंग, दंडात सायकलची ट्यूब आणि तिच्यात लाल शाईचे पाणी. छाती हव्या तितकी दाबली गेली की आतून टक् असा आवाज येतो, कमी दाबली तर येत नाही. हा टक् ऐकण्यासाठी मुलींनी घाम गाळला आहे. सुई चुकली तर शाई थेट अॅप्रनवर उडते, आणि ती धुतल्याने जात नाही. माझ्या मते असा शिक्षक दुसरा नाही. विद्यालयाने दोनदा तिला आपल्या सामानाच्या वहीत चढवले, मी दोनदा खोडले. आत्याबाई माझी आहे.

कलम ३. प्राचार्याबाईंनी हौसेने आणलेला संगणकाच्या पडद्यावरचा रोगी माझा नाही, तेव्हा तो मी कोणाला देऊ शकत नाही. दिला असता. वर्षभर आम्ही दोघी त्याच्यावरून बोलत नव्हतो. आता खरे सांगते, हृदयाच्या झडपा कशा उघडतात ते त्याच्याइतके छान मला कधी दाखवता आले नाही. पण तो मरतो फार शहाण्यासारखा, आणि बटण दाबले की उठून बसतो. मुलींना त्याची सवय लागली की त्या आत्याबाईंच्याही पोटावर बटण शोधू लागतात.

कलम ४. आता ज्या मुलीपायी हा कागद लिहायला बसले, तिच्याबद्दल. वर्गात तिला सगळ्या 'थरथर' म्हणतात. परीक्षेत आत्याबाईंसमोर उभी राहिली की तिचे हात कापायचे, नाडी सापडायची नाही, पट्टी सुटायची. मी विचारले, "अगं, होतं काय तुला?" ती म्हणाली, "बाई, हिला काही दुखतच नाहीये. मग मी काय करू तेच सुचत नाही." मी तिला उद्धट समजले आणि नापास केले. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्यांदा नापास झालेल्या मुलीचे नाव महिनाअखेरीस कमी होते, असा आमचा नियम आहे.

कलम ५. गेल्या मंगळवारी 'घेरी आलेला रोगी' हा धडा होता. ठरल्याप्रमाणे मी दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडले ते ठरलेले नव्हते. मुली हातात तपासणीच्या पायऱ्यांची यादी घेऊन भोवती उभ्या. "बाई, आजचं अगदी खरं वाटतंय हं!" असे वर्गातल्या पहिल्या नंबराने म्हटले आणि टाळ्या पडल्या. बावीस वर्षांच्या शिकवण्याचे हे फळ मी फरशीवर पडून, डाव्या हातात कळ घेऊन ऐकत होते. थरथर तेव्हा अॅप्रन परत करायला आली होती. तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि ओरडली, "टाळ्या काय वाजवताय? थंडगार घाम आलाय बाईंना! तू गाडी बोलाव. तू खिडक्या उघड. बाकीच्या बाहेर व्हा." गाडी येईपर्यंत तिने माझे मनगट सोडले नाही. तिचा हात जराही कापत नव्हता.

तिला पास करा म्हणून मी इथूनच प्राचार्याबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, नियमात 'नमुन्यावर परीक्षा' असं लिहिलंय. तुम्ही नमुना नव्हता, तुम्ही खऱ्या आजारी होता." हे वाक्य मी त्यांच्या खात्यात धरून ठेवले आहे.

कलम ६. म्हणून आत्याबाई विद्यालयाला एकाच अटीवर मिळेल: त्या मुलीची परीक्षा पुन्हा घ्यावी. न घेतल्यास आत्याबाई खाली शिंप्याकडे जाईल. तो तिला परकर नेसवून दुकानाच्या दारात उभी करणार आहे. मापेही घेऊन गेला आहे.

कलम ७. अॅप्रनला लावायचे माझे सेकंदकाट्याचे घड्याळ त्या मुलीला द्यावे. याला अट नाही. तीनदा नापास केल्याबद्दल मी तिची माफी मागते. पुतळ्याला दुखत नाही हे तिला दिसत होते, आणि मला ते बावीस वर्षे दिसले नाही.

कलम ८. माझ्या मृत्यूची बातमी आल्यास कोणीही टाळ्या वाजवू नयेत. आधी पूर्ण एक मिनिट नाडी पाहावी, मग रडावे. बहिणीने विशेष लक्ष द्यावे.

कलम ९. कलम ६ वर माझा भरवसा नाही. त्यासाठी मला वेळेवर मरावे लागेल, आणि तसे न झाल्यास मुलीचे नाव कमी होईल. म्हणून आज तीन वाजता ती मला पाहायला आल्याचे कळताच मी डोळे मिटले, मान टाकली आणि उत्तर देणे बंद केले. तिने मनगट धरले, कपाळ पाहिले, श्वास मोजला. मग म्हणाली, "बाई, उठा आता. नाटक आहे हे. नाडी बहात्तर, घाम नाही, आणि तुमचा एक डोळा किलकिला आहे." हात स्थिर होता. मी खोटी आजारी होते, म्हणजे नियमाप्रमाणे या वेळी नमुनाच होते. तेव्हा ही परीक्षा धरावी. गुण वीसपैकी एकोणीस. यादीतली पहिली पायरी मी पाहिली नाही, डोळा त्यानंतर किलकिला केला, म्हणून एक गुण राखला आहे. परीक्षक आणि प्राचार्य यांच्या सह्या एका कागदावर आल्या की निकाल पक्का होतो. चार वाजता प्राचार्याबाई या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून सही करायला येणार आहेत. त्या कागद वाचून सही करीत नाहीत. एकदा त्यांनी स्वतःच्याच रजेचा अर्ज नामंजूर केला होता. देव त्यांचे भले करो.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला असून तो मला मान्य आहे.

स्थळ: रुग्णालय, महिला कक्ष, खिडकीजवळची खाट
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपारचे चार

सही: सराव वर्गाची शिक्षिका व परीक्षक

साक्षीदार पहिले: वॉर्डातले डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसऱ्या: प्राचार्या (सही)
(सहीखाली प्राचार्याबाईंच्या अक्षरात:) सगळे वाचले, कलम नऊसुद्धा. मी तीनलाच आले होते आणि दारात उभी होते. पहिली पायरी हात धुण्याची. मुलीने आत आल्याबरोबर हात धुतले, मी पाहिले. वीसपैकी वीस.