पंपघरामागचा टक्या

१४ नोव्हेंबर
आला! टक्या आला! सोसायटीच्या पंपघरामागे, नाल्याच्या कडेला घाणेरी माजलीय, तिच्यातच. गेल्या वर्षीच्याच जागी. आधी आवाज. कोरडी काडी मोडल्यासारखा, टक्. मग दुर्बीण लावली. उजव्या पंखात ते एकच पांढरं पीस. तोच! नाल्याकाठी उभी राहून चक्क रडले. वॉचमनला वाटलं, घरी कोणीतरी गेलं.

१५ नोव्हेंबर
प्र.ला सांगितलं. नवरोबांचं उत्तर : "बरं. चहा ठेवतेस?"
याला कोण समजावणार. चिमणीहून लहान वटवट्या, सैबेरियातला. याच्या जातीने थंडीत जायचं ब्रह्मदेश-थायलंडकडे. पिल्लांना आईबाप वाट दाखवत नाहीत. एकटीच निघतात, जन्मतः जी दिशा मिळाली तिकडे. एखाद्याची दिशाच वेगळी निघते. असे बहुतेक मरतात. हा बोरीवलीत पोचला आणि जगला. गेल्या वर्षी म्हटलं, चुकलेलं पोर. पण घरी जाऊन पुन्हा इथेच आला, म्हणजे आता ही चूक नाही, त्याचा रस्ता आहे. पिल्लं झाली तर त्यांनाही बहुधा हीच दिशा मिळेल. नवे रस्ते असेच पडतात. फक्त याने जगायला हवं. बास, एवढंच.

२ डिसेंबर
सुनीला सांगितलं. पोटात राहीना. शाळेपासूनची मैत्रीण, पहिली दुर्बीण दोघींत मिळून एक. तिने टक्याला बघितलं आणि माझा दंड घट्ट धरला. म्हटलं, कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही.
"काय गो, विश्वास नाय माझ्यार?"
मालवणीत शिरली की सुनी खोटं बोलत नाही.

२१ डिसेंबर
टक्या मजेत. नाल्यावर किडे भरपूर. नाला साफ न करणाऱ्यांचे आभार मानावे लागतील, काय दिवस आलेत.

८ जानेवारी
दूध आणायला उतरले तर पंपघरामागे ही गर्दी. तोफांएवढ्या लेन्स. मधोमध सुनी. हातात मुठीत मावेल एवढा स्पीकर, त्यातून टक् टक् टक्. त्याच्याच जातीचा आवाज लावून बोलावत होती त्याला. आणि तो येत होता बिचारा. आपल्या जागेत कोण घुसलंय बघायला सारखा बाहेर. पुढच्या फांद्या छाटलेल्या.
"फोटोला आड येत होत्या गं. दोनच कापल्या."
दोनच!
मी काय काय ओरडले आठवत नाही. वॉचमन धावत आला एवढं आठवतंय.

९ जानेवारी
सुनीचा फोन. "तुझ्या एकटीचा आहे का तो? तू लपवून ठेवणार, मग नवा रस्ता झाला हे जगाला कळणार कसं? पुरावा नको?"
मुद्दा बरोबर आहे तिचा. म्हणून तर जास्त आग झाली. अगं मग मला विचारायचंस ना, भवाने! मी नाही म्हटलं असतं म्हणून नाही विचारलंस. फोन आपटला.
तिचा फोटो सगळ्या ग्रुपवर. "सुनंदाताई, झकास!" माझं नाव कुठेच नाही. त्यासाठी रडतेय का मी? थोडं त्यासाठीही.

१७ जानेवारी
रोज जातेय. टक् नाही. माणसं अजून येतायत, स्पीकर घेऊन. आज प्र. सोबत आला, पहिल्यांदाच. "पुढे सरकला असेल," म्हणाला. भर थंडीत कुठे सरकेल? इतकं उघड्यावर आणलं त्याला, आणि इथल्या मांजरी...
नाही लिहीत.

३ एप्रिल
परतायचे दिवस. जिवंत असेल तर निघाला असेल.
आज सुनीचा वाढदिवस. फोन हातात घेतला, ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२८ ऑक्टोबर
पावसात घाणेरी पुन्हा माजली. कापलेल्या फांद्या कुठल्या ते आता कोणाला ओळखू येणार नाही. मला येतं.

१६ नोव्हेंबर
टक्.
पंपघरामागूनच. गेल्या वर्षी रडले होते. यंदा पहिलं काय केलं, तर आजूबाजूला कोण दबा धरून बसलंय ते बघितलं. ही अशी झालेय मी, सुनीच्या कृपेने.
नाल्याच्या पलीकडे सुनीच उभी. एकटी. कॅमेरा नाही. मला बघून तिचं तोंड रडवेलं झालं.
पुन्हा टक्. पानांत काहीतरी हललं. पंख दिसला नाही.
तिला माझ्या मनातलं कळलं असणार. दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे.
वाटलं, ओरडून विचारावं, "ऐकलंस ना?" पण नजर तिच्या खिशाकडे गेली.
तो स्पीकर खिशातही मावतो.