पत्रिकेवरचा 'दिवंगत'

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

लग्नपत्रिकेचा नमुना मिळाला. इतका पातळ, की खिडकीशी धरला तर पलीकडचा दूधवाला दिसला. पैसे वाचवा, माझी ना नाही. एकाच रंगात छापा, पाकिटं टाळा, जवळच्यांना हातोहात द्या. सोनेरी कडा लावून संसार टिकत नाहीत. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी नवरा-बायकोची भांडणं जोडून दिली आहेत, मला सांगू नका. म्हणून तर आता फोनला हात लावत नाही.

पण माझ्या भावाच्या नावाआधी 'दिवंगत' कोणी घातलं? केस कापून येतो म्हणून गेला आणि आला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. निबंधात ऐकीव गोष्ट लिहिली तर कॉन्व्हेंटातल्या सिस्टर पट्टी मारायच्या. तुम्ही तर ऐकीवसुद्धा नसलेली गोष्ट छापताय! शब्द काढा.

रागावलेली आणि तरी तुझीच,
आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. तो शब्द आईचा आहे. प्रेसवाल्याने विचारलं, वडील हयात आहेत का? आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, दिवंगत लिहा. बाहेर आल्यावर म्हणाली, नुसतं नाव छापलं तर येणारा प्रत्येक जण ते कुठे आहेत म्हणून विचारेल. मुलीच्या लग्नात मला दोन घास सुखाने जेवू दे.

घरी येऊन तिने खुंटीवरचा बाबांचा कोट काढला. इतकी वर्षं आम्ही त्याच्याभोवतीची धूळ तेवढी पुसायचो. त्याच्यामागे भिंतीचा रंग अजून नवा आहे, अगदी कोटाच्या आकाराचा. मी तिकडे बघत नाही. आणि आत्या, आई आता कडी लावून झोपते. आजवर दार नुसतं लोटलेलं असायचं.

मजकूर पास करून दिला आहे. आता बदल केला तर वेगळे पैसे पडतात, ते आमच्याकडे नाहीत. माझ्यावर हवी तितकी रागाव, आईला काही बोलू नकोस.

तुझ्या रागासकट तू हवी असलेली,
भिंगरी

२५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि., पण दातओठ खाऊन.

पत्रिका आल्या. शब्द नाही. बाबांचं नाव नुसतं, जसे काही ते आतल्या खोलीत बूट घालतायत.

प्रेसवाला नवे नमुने दुकानाच्या काचेला चिकटवतो. तो म्हणाला, एक गृहस्थ बराच वेळ बाहेर उभे राहून आमचा वाचत होते. मग आत आले, घरचाच आहे म्हणाले, शब्द काढायला लावला आणि बदलाचे पैसे रोख दिले. जाताना विचारलं, मुलगी अजून नखं खाते का? याला वाटलं, माझे काका असतील.

मला काका नाही. माझ्या नखांचं घराबाहेर तुझ्याशिवाय कोणाला माहीत? तूच माणूस पाठवलास. आईला आत्ता कुठे झोप लागायला लागली होती. पत्रिका पलंगाखाली लपवल्या आहेत. तिने मागितल्या तर काय दाखवू?

भिंगरी

४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. धपाटा या वेळी दुसऱ्याला आहे.

मी कोणालाही पाठवलं नाही. पाठवायला हाताशी माणूस असता तर आधी माझा गळका नळ दुरुस्त करून घेतला असता.

तुझं पत्र आल्यापासून भर दुपारी दिवा लावून बसते आहे. भूत होऊन आला असता तर मी त्याला माफ केलं असतं. भुताला जिना चढवत नसेल, म्हटलं असतं. पण भूत रोख पैसे देत नाही. म्हणजे हा आहे. चालतो, वाचतो, तुमच्या घराजवळ येऊन काचेशी उभा राहतो, आणि वर येत नाही. मुलीच्या लग्नासाठी नाही, स्वतःच्या नावासाठी आला. शब्द काढा, असं मीच लिहिलं होतं. आता लिहिते, घाला.

पण माझं ऐकू नकोस. आईला सगळं सांग, नखांसकट. कडी लावायची की काढायची, हे तिने ठरवायचं. त्याने नाही, मीही नाही.

तुम्हा दोघींच्या बाजूची,
आत्या

१२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. आईने पूर्ण ऐकून घेतलं, फक्त एकदा विचारलं, फार वाळलेत का? मग पत्रिका पलंगाखालून ओढून टेबलावर घेतल्या आणि एकेकीवर बाबांच्या नावाआधी पेनने 'दिवंगत' लिहिलं. सगळ्यांवर. मी मदत करू का म्हटलं, तर नको म्हणाली. शाई वाळल्यावर एक पत्रिका स्वतः प्रेसवाल्याला नेऊन दिली, काचेला लावायला. अक्षरं रस्त्याच्या बाजूला कर म्हणून बजावलं. रात्री कडी लावली.

काल संध्याकाळी मी त्या रस्त्याने आले. काचेशी कोणीतरी उभं होतं, पाठमोरं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मला कळेना, काय म्हणून मारू. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. मी रस्ता ओलांडला नाही.

लग्नात आईशेजारी बसायला तू लवकर ये. लोभ पत्रातून नको, सोबत घेऊनच ये.

तुझी,
भिंगरी