चढावर पुढं कोण बसणार

१४ ऑक्टो.
ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरची लोखंडी वजनं मीच काढली. चार वर्षं झाली. का काढली, तर ओळीच्या टोकाला वळताना द्राक्षाच्या मांडवाच्या अँगलला थडकत व्हती म्हणून. दोन अँगल वाकवले, ठिबकची नळी तोडली. काढली आन् शेडमधी टाकली. त्यात काय विचारायचं. कोणी विचारलं नाय म्हणा. पण विचारतील.

ट्रॅक्टर बागेतला, छोटा. मागं औषध फवारायचा ब्लोअर, सहाशे लिटरची टाकी. भरली की पुढून हलका होतो आन् वरच्या बागेच्या चढावर पुढची चाकं उचलतो. त्याला उपाय मी. पुढं बंपरवर बसायचं, पाठ बॉनेटला. चढ संपला की उतरायचं. चार वर्षांत एकदाबी चाक उचललं नाय.
आज उचललं.

कविता चालवत व्हती. सून. पोरगा मनमाडला रेल्वेत, रविवारचा येतो, म्हणून ट्रॅक्टर हिच्याकडं. चालवती बरी. म्हणली, नाना, स्टेरिंग एकदम हलकं लागलं. म्हणलं क्लच हळू सोडत जा.

१५ ऑक्टो.
परत तेच. फोर व्हील टाकलं व्हतं का म्हणलं. टाकलं व्हतं म्हणे. उतरून पाह्यलं, टाकलेलंच. पण फोर व्हील असून काय उपेग, पुढची चाकं भुईला टेकली तर ओढतील ना. हवेत नुसती फिरतात.
कविता म्हणे टाकी चारशेच भरू. म्हणजे खेपा दीडपट. पानांवरच्या डाउनी रोगाचं औषध येळेवर बसलं पायजे का नाय. भर म्हणलं पूर्ण.

१७ ऑक्टो.
तिनं सलीम मिस्त्रीला बोलावलं. मला न विचारता. त्यानं हवा पाह्यली, टायर पाह्यले, खाली झोपून एक्सल पाह्यला. सगळं ठीक. म्हणे नाना, वजनं परत लावा, नाय तर पुढच्या टायरात पाणी भरून देतो. म्हणलं चार वर्षं बिना वजनाचा चालला, आता कशाला थेरं.
तो म्हणे, तेच तर म्हणतोय. गाडी तीच, टाकी तीच, चढ तोच. मग बदललं काय?
आन् माझ्याकडं पाहत बसला. चहा गार करून प्यायला. असा डोळे लावून बसणारा माणूस मला आवडत नाय.

१९ ऑक्टो.
फवारा नाय. अर्धी भाकर ताटात राह्यली. काल पण. त्यात लिहिण्यासारखं काय नाय.

२१ ऑक्टो.
शेडमधी क्रेट मोजायचा काटा हाय. कविता पाणी द्यायला गेली तेव्हा चढलो. गेल्या हंगामात माल भरणाऱ्या बायांनी मस्करीत चढवलं व्हतं. शहात्तर. म्हणल्या, नाना एक्स्पोर्टला जात नाय, साईज मोठी झाली. कविता पण हसली व्हती.
आज एकसष्ट.
काटा बिघडला असंल. खताची पन्नासची गोणी ठेवून पाह्यली. पन्नासच. गोणी परत जागेवर नेता नेता दोनदा खाली टेकवली. दम लागला.

२२ ऑक्टो.
वाळूची गोणी बांधली. पंधरा किलो, काट्यावर मोजून. मांडीवर घेऊन पुढं बसलो. चाक टेकलेलं राह्यलं, तिन्ही खेपा. झालं की. उगाच मिस्त्री बोलावला.
कविता म्हणे गोणी कशाला? म्हणलं बंपर टोचतं.
म्हणे, टोचतं तर मांडीवर कशाला घेतली?


२४ ऑक्टो.
पोराच्या आईचं पण आधी वजनच उतरलं व्हतं. मी म्हणायचो उपास कमी कर. मग नाशिकच्या दवाखान्याच्या येरझाऱ्या, सहा महिने. पंचवटीतून जाताना दर खेपेला म्हणायची, रामाला दोन मिनिटं जाऊन येऊ. मी म्हणायचो नंबर जाईल. नेली नाय कधी. शेवटी रामकुंडावर गेलो ते अस्थी घेऊन.
नंबर एकदाबी गेला नाय. दोन दोन तास बसायचो बाकड्यावर.

२५ ऑक्टो.
चढाच्या मधी गोणी सरकली. धरायला वाकलो तर पुढचं उचललं, स्टेरिंग गेलं, ट्रॅक्टर तिरका होऊन नाल्याकडं. मी वरच. कवितानं हायड्रोलिक सोडलं, ब्लोअर भुईला टेकला, तेव्हा कुठं चाकं खाली आली. हातभर राह्यला व्हता काठ.

ती उतरली. मला वाटलं वरडंल. नाय वरडली. गोणी उचलली, तशीच शेडमधी नेली, काट्यावर ठेवली. पंधरा. मग म्हणे, आता तुम्ही चढा.
म्हणलं येडी का काय.
"चढा नाना."
चढलो. साठ. चार दिवसांत अजून एक गेलं.
"ट्रॅक्टरचं मी बघते," म्हणली. "तुमचं एवढं कुठं गेलं ते सांगा."
मी म्हणलं टाकी अजून भरलेली हाय, औषध खराब होईल.

२६ ऑक्टो. रवि.
पोरगा आला. दोघं ओट्यावर बोलत व्हते. मी गेलो की गप. जेवताना म्हणे सोमवारचा, पुढच्या, नंबर लावलाय. रजा टाकलीय. मला काय विचारलं नाय. मी पण त्याच्या आईला विचारलं नव्हतं.

२८ ऑक्टो.
सलीमनं वजनं बसवली. कविता एकटी गेली वर, भरल्या टाकीनं. मी मोटरीजवळ दगडावर बसून पाह्यलं. चाकं टेकलेली, सरळ गेली. वरती ओळीच्या टोकाला अँगलला थडकल्याचा आवाज आला. दोनदा. खाली आल्यावर म्हणलं, तरी मी सांगत व्हतो. म्हणे थडकू द्या.
तिन्ही खेपा मी दगडावर. दुसऱ्या खेपेला उठलो व्हतो पुढं बसायला, सवयीनं. ती थांबली नाय.

३ नोव्हें. सोम., सकाळी
गाडी दारात. पोरानं दोनदा हॉर्न वाजवला. कवितानं पिशवीत पाण्याची बाटली, डबा, चादर भरली. चादर कशाला म्हणलं. लागली तर, म्हणे. डॉक्टर काय काय विचारतील ते पण शिकवलं. कधीपासून, जेवण किती, कुठं दुखतं का. "लपवू नका तेवढं."
डाव्या बरगडीखाली दुखतं. पोळ्याच्या आधीपासून. कोणाला सांगितलं नाय, इथं पण लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.
परत हॉर्न.
एवढं डॉक्टरला सांगीन. याच्या पुढं मी काय सांगणार नाय. डॉक्टरलाबी नाय, वहीलाबी नाय.