तिसऱ्या आजोबांचे नाव

७ मार्च १९९९

मी, लुआन देशुन, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार शिजिंग, धंदा शेती, शिक्षण इयत्ता चौथी, या गावच्या जुन्या उत्पादन पथकाचा माजी प्रमुख, येथे लिहून ठेवतो की माझी प्रकृती व स्मरणशक्ती ठीक असून जे लिहीन ते खरे लिहीन.

पथकप्रमुख म्हणून मला वरून नेमले होते. पुढे जमिनी घरोघर वाटल्या गेल्या, पथक संपले. मला कोणी पदावरून काढले नाही. पदच उरले नाही. तेव्हापासून मला कोणी काही विचारत नाही. नमस्कार मात्र सर्व करतात.

आता नवा कायदा आला आहे. गावप्रमुख तालुका नेमणार नाही, गाव निवडणार! उमेदवारांची नावे छापायची नाहीत. कोरी चिठ्ठी मिळेल. ज्याला जो योग्य वाटेल, त्याचे नाव त्याने लिहावे. निवडणूक मंडळात पाच जण आहेत. त्यांत मी एक. मी मागून घेतले नाही.

९ मार्च

सध्याचा प्रमुख हौ छांगग्वी याने वरची टेकडी एका दगड कंपनीस तीस वर्षांच्या कराराने देण्याचे ठरवले आहे. सुरुंग लावणार. झरा त्याच टेकडीतून येतो. गावाला दुसरे पाणी नाही.

हौ म्हणतो, ‘‘आजोबा, दगडाला पाय फुटत नाहीत, पण पैशाला फुटतात. पोरं शहरात हमाली करतायत, ती परत येतील.’’

मी विचारले, परत येऊन पिणार काय?

‘‘नळ आणू!’’

कोठून आणणार, ते सांगितले नाही. पुन्हा तोच निवडून आला तर करारावर सही करणार. दुसरा आला तर करार गावासमोर ठेवावा लागेल. गोष्ट एवढीच आहे.

१२ मार्च

मंडळाची बैठक. शेजारच्या गावात कोणी चिठ्ठीवर ‘देवीचे वण’ असे टोपणनाव लिहिले आणि मारामारी झाली म्हणे. सबब मी सूचना मांडली : चिठ्ठीवर सरकारी नोंदीतले पूर्ण नाव असावे. टोपणनाव, नात्याचे नाव, चुकीचे अक्षर — चिठ्ठी बाद. एकमताने मंजूर.

तालुक्याच्या अधिकारी न्ये बाई नियम लिहून घेताना हसल्या. का हसल्या ते विचारले नाही. वयाने फार लहान आहेत.

१५ मार्च

लाल कागदावर मतदारांची यादी लागली. पुरुषांची नावे मी तपासली, दोन चुका काढल्या. बायकांची यादी शाळेच्या फू मास्तरांकडे दिली. ते माझे काम नव्हते.

१८ मार्च

लोक येऊन बसू लागले आहेत. आधी कोंबड्यांविषयी बोलतात, मग हवेविषयी, आणि उठता उठता म्हणतात, ‘‘टेकडी वाचवायला कुणीतरी कण्याचं माणूस पाहिजे.’’ आणि माझ्याकडे न बघता जातात.

मी कोणास काही म्हटले नाही. आपणहून मागणे हे भिकाऱ्याचे काम. पण पथकप्रमुख असतानाचा निळा कोट उन्हात टाकला आहे. पाहावे.

२१ मार्च

मतदान झाले. लिहितो.

शाळेच्या खोलीत पडदा लावला होता. एकेकाने आत जायचे, लिहायचे, पेटीत टाकायचे. मी माझे मत कोणास दिले ते लिहिणार नाही. मतदान गुप्त आहे, या वहीपासूनही.

दुपारी मोजणी. नावे मोठ्याने वाचण्याचे काम माझे, कारण आवाज अजून चांगला आहे. मी वाचायचे, फू मास्तरांनी फळ्यावर एकेक रेघ ओढायची. पाच रेघा झाल्या की ‘सरळ’ या अर्थाचे अक्षर पुरे होते. सारा देश अशीच मते मोजतो.

पहिली चिठ्ठी : हौ छांगग्वी. दुसरी : हौ छांगग्वी. तिसरी —

‘तिसरे आजोबा.’

मी थांबलो. घरातला तिसरा भाऊ म्हणून गाव मला अशीच हाक मारते. चौथी : ‘तिसरे काका.’ पुढे पुन्हा ‘तिसरे आजोबा’. एकीवर ‘पथकप्रमुख थोरले’. एकीवर, हे अक्षर बहुधा शेजारच्या आठव्या काकूंनी मास्तरांकडून लिहून घेतलेले, ‘आमच्या शेजारचा, ताठ चालणारा’.

लोक हसले. मी हसलो नाही. माझे पूर्ण नाव केवळ सातांनी लिहिले, तेही माझ्या वयाच्या म्हाताऱ्यांनी! बाकी सर्व वयाने अथवा नात्याने लहान. वडील माणसाचे नाव घेणे म्हणजे शिवी देण्यासारखे. लिहिणे त्याहून वाईट. मी हे जन्मभर जाणतो. नियम करताना मला ते सुचले नाही.

न्ये बाई हळूच म्हणाल्या, ‘‘आजोबा, हे कोण ते अख्ख्या गावाला माहीत आहे. धरू या ना?’’

मी म्हटले, या गावात तिसरे आजोबा तीन आहेत. एक मी. एक बहिरा सुतार. एक तुरुंगातून परत आलेला. कोणता धरायचा?

‘‘पण तुम्हालाही माहीत आहे की —’’

मला जे माहीत आहे ते कायदा नव्हे. बाद.

मी त्या सर्व चिठ्ठ्या एकेक करून बाद केल्या. मोजल्या असत्या तर फळ्यावर हौच्या रेघा माझ्याहून कमी भरल्या असत्या, हे सर्वांनी पाहिले. पण निवडून यायला पेटीत पडलेल्या एकूण चिठ्ठ्यांच्या, बादही धरून, निम्म्याहून जास्त मते लागतात; तेवढी हौला मिळाली नाहीत. आठ दिवसांनी फेरमतदान.

बाहेर आलो तेव्हा हौने मला सिगारेट देऊ केली. मी घेतली.

२२ मार्च

सकाळपासून अंगणात माणसे.

मी सांगितले : फेरमतदानात माझे नाव लिहा. मी स्वतः परवानगी देतो. ‘लुआन’ जसे कुळाचे तसे, ‘दे’ म्हणजे सद्गुण, ‘शुन’ म्हणजे सुरळीत. चुकू नका.

सगळे जमिनीकडे बघत राहिले. अखेर माझा पुतण्या, जो स्वतः आजोबा आहे, म्हणाला, ‘‘काका, तुम्ही परवानगी द्याल. पण हात कसा उचलायचा?’’

आठव्या काकू उंबऱ्यावर लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, ‘‘तुमचं नाव लिहायचं ते मेल्यावर, पूर्वजांच्या पाटीवर! तुम्ही तर अजून दोन वाट्या पेज पिताय. जित्या माणसाला पाटीवर बसवून प्रमुख करायचं का?’’



२३ मार्च

त्यांनी तोडगा काढला आहे. तो मला आवडलेला नाही.

काकू म्हणाल्या, ‘‘तुमच्या घरातलंच, पण आमच्याहून लहान, असं नाव लिहितो. दोंगच्या आईचं.’’

दोंगची आई म्हणजे माझी सून. मुलगा दक्षिणेत इमारतींवर काम करतो, वर्षातून एकदा येतो. नातू दोंग जिल्ह्याच्या शाळेत. घर व शेत ती बघते. मागच्या महिन्यात कंपनीचा मोजणीवाला झऱ्याजवळ खुंटी ठोकत होता. तिने ती उपटून त्याच्या हातात दिली आणि ‘‘तुमची वस्तू विसरलात,’’ म्हणाली. गावाला हे ठाऊक आहे. मला आज कळले!

मी म्हटले, बाईमाणूस.

काकू : ‘‘मग मी कोण, गाजर?’’

रात्री ती पेज वाढून उभी राहिली. ‘‘आबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी लोकांना नको म्हणेन.’’

मी म्हटले, पेजेत मीठ कमी आहे.

राळ्याच्या पेजेत आम्ही मीठ घालत नाही.

२४ मार्च

मीठ नाही.

२५ मार्च

आज हौ तिला हाटात म्हणाला, ‘‘वहिनी, गाव चालवणं म्हणजे भाकरी थापणं नव्हे.’’ ती म्हणाली, ‘‘खरंय. भाकरी करपली तर मी दुसऱ्याला दोष देत नाही.’’ आठव्या काकूंनी मला हे तीन वेळा सांगितले. तिसऱ्या वेळी मी हसलो.

जेवताना तिला म्हटले : कोणी तुझे नाव लिहिले तर तो कायद्याने त्याचा अधिकार आहे. मी कायद्याच्या आड येत नाही.

ती म्हणाली, ‘‘बरं, आबा.’’ आणि मला मुळ्याच्या लोणच्याची फोड जास्त वाढली.

२७ मार्च

मंडळाचा राजीनामा न्ये बाईंकडे दिला. घरचे माणूस उभे असताना मी चिठ्ठ्या वाचणे योग्य नव्हे.

नाही घेतला. हौ स्वतः म्हणाला, ‘‘राहू दे आजोबांना. ज्यानं स्वतःची मतं बाद केली, त्याच्यापेक्षा सरळ माणूस मी कुठून आणू?’’ हे त्याने टोमण्याने म्हटले नाही. मी विरोधकाविषयी न्यायाने लिहितो.

२९ मार्च

फेरमतदान. गेल्या वेळेहून गर्दी. नियम तेच, चिठ्ठी कोरी.

पडद्याआड गेलो. पेन्सिल घेतली. तिचे माहेरचे कुळ गोंग. नाव ल्येन. लिहिले. घडी घालून पेटीत टाकले.

मोजणी. मी वाचत होतो. हौ छांगग्वी. हौ छांगग्वी. गोंग ल्येन.

हे नाव मी तोंडाने पहिल्यांदा उच्चारले. सोळा वर्षे ‘दोंगची आई’ म्हणत आलो, त्याआधी ‘अगं’. आवाज चिरकला, लोकांना वाटले खोकला. पुढे पुन्हा गोंग ल्येन, पुन्हा गोंग ल्येन. मग सवय झाली.

अखेरीस एक चिठ्ठी उघडली. अक्षर माझे. वाचली : गोंग ल्येन. मास्तरांनी खडू उचलला. चिठ्ठी नियमाप्रमाणे तपासणीस न्ये बाईंकडे गेली. त्यांनी नोंदवही पाहिली, पुन्हा चिठ्ठी पाहिली.

‘‘उच्चार तोच आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण यात वर गवताचं चिन्ह आहे. हे कमळातलं ल्येन. नोंदीत नुसतं ल्येन आहे, जोडण्यातलं.’’

मागून हौचा भाऊ ओरडला, ‘‘आजोबा, नियम!’’

चिठ्ठी कोणाची हे कोणास ठाऊक नव्हते. मी गप्प राहू शकलो असतो. तरी बाद म्हणणे माझेच काम होते. म्हटले : बाद. आणि मग म्हटले : चिठ्ठी माझी आहे.

खोलीत कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. मी तिच्याकडे पाहिले नाही.

ती थोडक्या मतांनी निवडून आली.

३० मार्च

सकाळी तिला विचारले, जोडण्यातले का?

तिने पेजेच्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर अक्षर काढले. ‘‘मी झाले तेव्हा आजी म्हणाली, हिच्या पाठीला जोडून मुलगा येऊ दे. म्हणून.’’

आला?

‘‘पाच बहिणी आल्या.’’ ती हसली. ‘‘कमळ कुणी ठेवतं का आमच्याकडे, आबा! पण छान होतं तुमचं.’’

अक्षर वाळेपर्यंत मी टेबल पुसू दिले नाही.

६ एप्रिल

शाळेच्या अंगणात गावसभा. विषय : टेकडीचा करार. नव्या प्रमुख गोंग ल्येन यांनी नोंदवहीच्या क्रमाने प्रत्येक कुटुंबप्रमुखाचे नाव पुकारले व ‘हो’ की ‘नाही’ विचारले. माझ्या नावापाशी आल्या, थांबल्या. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले आणि मोठ्याने पुकारले : ‘‘लुआन देशुन.’’

मी उठून उभा राहिलो, कोटाची बटणे लावली आणि म्हणालो, हजर. नाही.

करार नामंजूर.

समक्ष साक्षीदार : तालुका अधिकारी न्ये बाई, शिक्षक फू, माजी प्रमुख हौ छांगग्वी, शेजारच्या आठव्या काकू, ज्यांचे खरे नाव यू फंगशियान आहे. विचारून घेतले.