म्युलर नावाचा माणूस

।। श्री ।।

घाटकोपर (पश्चिम), ४ फेब्रुवारी २०२४

चि. जान्हवीस अ. उ. आ.

फोनवर बोलायला गेले की हुंदका येतो आणि अर्धं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितेय. सूनबाई अक्षता या कागदाचा फोटो काढून तुला पाठवील.

आमच्या सिद्धेशचा पत्ता नाही गं. गणपती झाले आणि तो मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला, हे तुला ठाऊक आहे. दर रविवारी फोन यायचा, तो बंद झाला. ज्या एजंटाने त्याला बोटीवर चढवलं तो म्हणतो, तुमचा मुलगा हॅम्बुर्ग बंदरात उतरून पळून गेला. माझो झील बायकोक सोडून पळात काय? त्या एजंटाच्या तोंडावर असंच बोलून आले.

मंगळवारी अक्षताला एक फोन आला. नंबर दिसत नव्हता. कुणी माणूस मोडक्या इंग्रजीत सांगत होता की, एकाच्या जाकिटात हा नंबर सापडला, तो माणूस हॉस्पिटलात आहे, बोलत नाही. स्वतःचं नावही सांगितलं त्याने. कुठलं हॉस्पिटल असं अक्षता विचारतेय तोवर फोन कटला, तो पुन्हा आलाच नाही. नाव तिला ‘मुलर’ असं काहीतरी ऐकू आलं. एजंट म्हणाला, जर्मन असेल तर म्युलरच.

तू ब्रेमेनला आहेस, भाषा जाणतेस. हा म्युलर शोध. माझ्यावर तुझी माया आहे, त्यातली थोडी आता सिद्धेशच्या वाट्याला येऊ दे.

तुझी
विमलाआत्या

*

ब्रेमेन, ९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी हॅम्बुर्गला गेले. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. हॉस्पिटलं मात्र फोनवर कुणाबद्दल काही सांगत नाहीत, कायदा तसा आहे. जिथे जिथे आत जाता आलं तिथे दादाचा फोटो दाखवला. कुणी ओळखला नाही.

आणि म्युलरचं काय सांगू? आत्या, या देशात सर्वांत जास्त माणसं याच आडनावाची आहेत. म्युलर म्हणजे गिरणीवाला. पूर्वी इथे गावोगावी ओढ्यावर पाणचक्की असायची, सगळा गाव तिथे धान्य दळायचा. चक्की चालवणाऱ्याला लोक धंद्यावरून हाक मारायचे, पुढे तेच कागदोपत्री आडनाव झालं. मुलगा शिंपी झाला तरी म्युलरच, नातू शहरात गेला तरी म्युलरच. चक्क्या गेल्या, नाव राहिलं. अमेरिकेत गेलेले मिलर झाले. आमच्या एका बिल्डिंगीतच दोन आहेत. एकाला मी जिन्यात गाठून विचारलंसुद्धा. तो घाबरून बघत राहिला.

मला रडू येतं, पण मी थांबलेली नाही. तू जेवत जा. अक्षतावहिनीला जप आणि माझ्यावरचा विश्वास कमी करू नकोस.

तुझी भाची
जान्हवी

*

घाटकोपर, १४ फेब्रुवारी

चि. जान्हवीस अ. उ. आ.

त्या लोकांनी नावं तरी धड ठेवायची. आमचं बघ, तोंडवळकर. कुणी हरवला तर निदान तोंडवळीला जाऊन विचारता येतं. नाव गावावरून असतं तर गाव तरी सापडलं असतं. धंद्यावरून नाव ठेवून त्यांनी माझी वाट लावली. सिद्धेशच्या बाबांनी जन्म लालबागच्या गिरणीत घालवला, म्हणून आम्हाला कुणी गिरणीकर म्हणालं का?

इथे सगळं बिनसलंय. एजंटाच्या ऑफिसला कुलूप आहे. बोटीच्या कंपनीने मेल केला की पळालेल्या खलाशाची जबाबदारी आमची नाही. चाळीतल्या बायका समोर गप्प बसतात आणि पाठ वळली की म्हणतात, तिकडे दुसरी केली असेल. अक्षता इंटरनेटवरून म्युलर शोधते आणि एकेकाला फोन लावते. कुणी शिव्या देतं, कुणी बिचारं ऐकून घेतं. काल एक म्हातारी बराच वेळ तिच्याशी जर्मनमध्ये बोलत राहिली. अक्षताला एक अक्षर कळलं नाही, तरी तिने फोन ठेवला नाही.

पोरगी अन्नाला शिवत नाही. तिला ओरडते आणि मग मीच मोरीत जाऊन रडते. जान्हवी, तो आता नसेल तर तसं सांग. पण काहीतरी सांग. रागावून लिहिलंय, मनात धरू नकोस. माझं दुसरं कोण आहे तिकडे?

विमलाआत्या

*

ब्रेमेन, १९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मनात काही धरलेलं नाही. हे पत्र नीट वाच आणि वहिनीलाही वाचून दाखव.

माझ्या ऑफिसात एक बाई आहे, समुद्राकाठच्या मुलखातली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही म्युलरच का धरून बसलात? गिरणीवाला सगळीकडेच होता, पण प्रत्येक मुलखाची बोली वेगळी. दक्षिणेकडे म्युलर. इकडे उत्तरेला बरेच जण म्योलर. आणि हॉलंडची सरहद्द आली की तोच मुल्डर होतो. म्हणजे आत्या, नावात गाव नसलं तरी दिशा आहे!

मग मी बोटींचा प्रवास दाखवणारी वेबसाइट बघितली. दादाची बोट हॅम्बुर्गहून निघाल्यावर हॉलंडच्या डेल्फझाइल बंदरात थांबली होती. हे कंपनीने आपल्याला सांगितलंच नाही.

सोबत तीन रेकॉर्डिंगं पाठवतेय. त्या बाईने तिन्ही नावं म्हटली आहेत, फोनवर म्हणतात तशी. वहिनीने एकटीने ऐकावीत. तू मध्ये काही बोलू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे. खात्री नसेल तर तिने नाही म्हणावं. मला खूश करायला हो म्हणू नये.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली
जान्हवी

*

घाटकोपर, २० फेब्रुवारी

प्रिय जान्हवी,

सप्रेम नमस्कार. आई देवापुढे बसल्यात, म्हणून मीच लिहिते.

तिसरं. मुल्डर. ते मी पुन्हा दोनदा लावून ऐकलं. मधला तो ‘ड’ मी त्या दिवशीही ऐकला होता गं. पण एजंट इतक्या ठामपणे म्युलर म्हणाला की मला वाटलं, आपलंच इंग्रजी कच्चं. आता तू लगेच नीघ. जे असेल ते मला आधी सांग, आईंना नको. मी ऐकून घेईन.

तुझीच
अक्षता

*

ग्रोनिंगन, २६ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सिद्धेशदादा जिवंत आहे. पहिलं वाक्य हेच लिहायचं ठरवलं होतं. वहिनीला फोनवर आधी सांगितलं, आता तुलाही सगळं लिहून कळवते.

डेल्फझाइलला बंदराच्या फाटकावर मी मुल्डर आहे का विचारलं, तर पहारेकरी हसला. म्हणाला, कुठला हवा, मीही मुल्डरच. मला तिथेच रडू फुटलं. मग त्याने मला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि आपल्या ओळखीच्या एकेका मुल्डरला फोन लावत बसला. संध्याकाळ होत आली तेव्हा त्यातला एक ट्रकवाला म्हणाला, हो, तो मीच.

त्याला दादा धक्क्यामागे भिंतीला टेकून बसलेला दिसला होता. तोंड वाकडं झालेलं, सोबत ना कागद ना पिशवी. आजारी पडला म्हणून बोटीवरून उतरवून दिलं असावं, पोलीस तपास करताहेत. ट्रकवाल्याने अँब्युलन्स बोलावली, जाकिटातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. तुम्हाला सगळं कळलं असं समजून तो ट्रक घेऊन पोलंडला गेला. चिठ्ठी त्याच्याकडेच राहिली. हे कळल्यावर तो एवढा मोठा माणूस टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्यानेच मला इथे ग्रोनिंगनच्या हॉस्पिटलात आणलं.

आत्या, लपवत नाही. मेंदूत रक्तस्राव झाला. उजवा हात-पाय हलत नाही. बोलता येत नाही. इथे पलंगावर नावाऐवजी ‘अनोळखी’ असं लिहिलं होतं. मी दादा म्हणून हाक मारली तेव्हा तो छताकडेच बघत राहिला. मग मी मालवणीत, तुझ्या आवाजात, जेवलंस काय रे असं विचारलं. त्याने मान वळवली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हाताने माझी ओढणी घट्ट धरली. नर्सला ती सोडवावी लागली.

किती बरा होईल हे डॉक्टर सांगत नाहीत. वहिनीच्या व्हिसाची कागदपत्रं मी पाठवली आहेत. पलंगावर आता पूर्ण नाव लावलंय, मी स्वतः लिहिलं. आशीर्वाद दे, मला त्याची गरज आहे.

तुझी
जान्हवी

*

घाटकोपर, १ मार्च

चि. सिद्धेशास आईचे अ. उ. आ.

हे पत्र जान्हवी तुला वाचून दाखवील. तिचं मालवणी कच्चं आहे, हसू नको.

अक्षता तुझ्याकडे यायला निघेल. मीच यायची, पण माझा पासपोर्ट नाही. तिला सोलकढीची आमसुलं बांधून देतेय. तिकडे ती तुला पाजू देतात का, डॉक्टरांना विचारून घे म्हटलंय.

कुणी तुला टाकून गेलं ते बघायला पोलीस आहेत. तू त्याचा विचार करू नको. चाळीत सगळ्यांना मी ओरडून सांगितलं की माझो झील गावलो. ज्या बायका बोलत होत्या त्या जेवण घेऊन आल्या. मी घेतलं, काय करणार, दोन दिवस चूल पेटलीच नव्हती.

तुला बोलता येत नाही म्हणतात. लहानपणीही तू उशिरा बोललास. सगळे काळजी करत होते, मी एकटीच तुझ्याशी दिवसभर बोलत बसायचे. आता तसंच रोज एक पत्र लिहीन. तू काय एक लिहू नको, हाताला त्रास देऊ नको. नुसतं ऐक. जान्हवीने कळवलं पाहिजे की ऐकतोस, एवढंच मला पुरे.

तुझी
आई