उघड्या डोक्याने पहिल्या बाकावर

मी, खाली सही करणारा, धंद्याने पाट्या रंगवणारा आणि शिक्षणाने अर्धा वकील, स्वतःच्या मर्जीने व पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. उद्या सकाळी मला भूल देणार आहेत. त्यानंतरच्या शुद्धीची हमी माझ्याकडे नाही, म्हणून आजच. कुणी माझ्यावर दडपण आणलेलं नाही. उलट "असलं काही लिहू नकोस" म्हणून आईने दोनदा पेन लपवलं. हे तिसरं पेन नर्सबाईंचं आहे, ते त्यांना परत द्यावं.

कारण असं की माझ्या वडिलांचं यकृत निकामी झालं आहे आणि माझ्या यकृताचा तुकडा त्यांना जुळला. आमचं दुसरं काहीही आजवर जुळलेलं नाही. डॉक्टरबाई म्हणतात, धोका कमी आहे. "कमी म्हणजे किती?" मी विचारलं. "तू गाडी चालवतोस त्यापेक्षा कमी," त्या म्हणाल्या. त्यांनी मला रस्त्यावर पाहिलेलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

कलम पहिलं. यकृताचा तुकडा वडिलांना, कायमचा आणि विनाअट. आई मला जिन्यात गाठून म्हणाली, "आत्ताच माग. आत्ता ते नाही म्हणायचे नाहीत." काय मागायचं ते पुढे येईल. मी मागितलं नाही आणि मागणार नाही. अटी घालणं हे आमच्या चर्चच्या कमिटीचं काम. पप्पा तिचे चिटणीस आहेत. घरात तेवढा एक चिटणीस पुरे.

कलम दुसरं. माझे ब्रश, रंगाचे डबे आणि शिडी दुकानाच्या मालकांना. 'यातलं निम्मं आधीच माझं होतं' असं त्यांनी म्हणू नये. होतं, पण म्हणू नये.

कलम तिसरं. कायद्याची पुस्तकं पप्पांनाच. मी परत कॉलेजला जाईन या आशेवर त्यांनी ती कपाटात पुसून उभी ठेवली आहेत. मी कॉलेज तब्येतीमुळे सोडलं असं ते चारचौघांत सांगतात. दुरुस्ती करतो: मी प्रेमात पडलो. परीक्षा तोंडावर असताना मी रोज सकाळी स्कूटर शिकायला जात होतो. स्कूटर मला शाळेत असल्यापासून येते. शिकवणारी मात्र आमच्याच चर्चमध्ये गाणं सांगणारी, म्हणजे पुढे उभी राहून सगळ्यांना गाण्यात घेणारी, मुलगी होती. तिला सगळे मास्तरीण म्हणतात, मीही तेच लिहितो. काही दिवसांनी तिने विचारलं, "तू मुद्दाम पडतोस ना?"

"हो."

"मग जरा बाजूला पड. गाडी माझी आहे."

त्यानंतर मी परीक्षेला बसूच शकलो नाही. याला तब्येत म्हणायचं असेल तर म्हणा.

कलम चौथं. हे मालमत्तेचं नाही, वैराचं आहे, पण वैरही मीच कमावलेलं आहे आणि त्याची व्यवस्था लावायला हवी.

आमच्या चर्चमध्ये ज्या बायकांना वाटायचं त्या डोक्यावर कापड घ्यायच्या, ज्यांना वाटायचं नाही त्या घ्यायच्या नाहीत, आणि देवाची त्यावर काही तक्रार आल्याचं ऐकिवात नव्हतं. मग गेल्या वर्षी कमिटीने ठराव केला: डोकं झाकल्याशिवाय एकाही बाईने आत यायचं नाही. दारात पांढऱ्या रुमालांची टोपली ठेवली. विसरून आलेलीने त्यातला घ्यायचा, जाताना परत टाकायचा. ते रुमाल धुवायला आले आईकडे. ठरावाला हात वर करणाऱ्या एकानेही साबणाला हात लावलेला नाही.

पाटी रंगवण्याचं काम पप्पांनी मला दिलं. मजकूर होता, 'स्त्रियांनी मस्तक झाकूनच आत यावे.' मी रंगवलं, 'स्त्रियांनी मस्तक व पुरुषांनी तोंड झाकूनच आत यावे.' दोन रविवार ती पाटी दारावर होती. कुणी वाचली नाही. तिसऱ्या रविवारी एक नवे पाहुणे तोंडाला रुमाल बांधून आत आले, तेव्हा बोभाटा झाला. कमिटीने मला माफी मागायला सांगितलं. ती माफी मी या मृत्युपत्राद्वारे कुणाच्याही नावे करत नाही.

त्याच रविवारी मास्तरीण हेल्मेट घालून आली. गाणं सांगायला उभी राहिली, काच वर केली आणि सुरू केलं. आमचे पाद्री, पाळकसाहेब, खाली वाकून हसू दाबत होते, हे मी पाहिलं आहे. पप्पा म्हणाले, "ही थट्टा आहे."

"झाकलंय ना?" ती म्हणाली.

पण पुढच्या रविवारी ती थट्टा न करता, उघड्या डोक्याने आली, आणि पप्पांनी तिला दारातच थांबवलं. लोकांना वाटतं तिला कापडाचा तिटकारा आहे. तसं नाही. प्रार्थनेच्या वेळी ती आधी स्वतःहून तिच्या आईची जाळीची ओढणी घ्यायची. आई गेल्यावर तीच ओढणी तिच्याकडे उरली होती. ती पप्पांना म्हणाली, "काका, तेव्हा मी ती देवासाठी घेत होते. आता घेतली तर तुमच्यासाठी घेतल्यासारखी होईल. ते नाही जमायचं." आणि ती पायरीवर बसून आतली गाणी बाहेरून गायली. तेव्हापासून दर रविवारी ती पायरीवर असते आणि मी तिच्या शेजारी. मला सूर नाही, तरी गातो.

कलम पाचवं. कमिटीला माझं बायबल द्यावं. खुणा मी करून ठेवल्या आहेत. ठरावासाठी त्यातल्या ज्या पत्राचा ते आधार घेतात त्यात बाई प्रार्थना करते, देवाचा संदेश सांगते, असं धरूनच पुढचं लिहिलं आहे. आमच्याकडे झाकलेल्या डोक्याच्या बाईलाही कमिटीत बोलू देत नाहीत. त्याच पत्रात पुरुषाने डोकं झाकू नये असंही आहे, आणि थंडीत अर्धी कमिटी कानटोप्या घालून डोळे मिटते. पत्राच्या शेवटी एकमेकांना पवित्र चुंबन देऊन भेटा, असंही सांगितलं आहे. त्याचा ठराव अजून झालेला नाही. झाला तर मला कळवू नये.

पप्पांची बाजूही लिहितो, नाहीतर दस्तऐवज एकतर्फी होईल. ते म्हणतात, "देवापुढे जाताना माणसाने थोडं लहान व्हावं. कापड म्हणजे नम्रता." मी म्हणालो, "मग ती फक्त बायकांनाच का वाटता?" ते म्हणाले, "तुला पुरेल एवढं मोठं कापड मिळालं नाही." हा मुद्दा त्यांच्या नावे जमा.

आई जन्मभर डोक्यावर रुमाल घेत आली आहे. तिच्या रुमालाबद्दल माझं काहीएक म्हणणं नाही. तो तिचा आहे. माझं भांडण टोपलीशी आहे.

कलम सहावं. मी उद्या गेलो तर माझा अंत्यविधी आमच्याच चर्चमध्ये व्हावा. मास्तरणीने पहिल्या बाकावर बसावं, आईशेजारी. डोक्यावर काय घ्यायचं, काही घ्यायचं की नाही, हे तिने त्या दिवशी ठरवावं. मी 'उघड्या डोक्याने' असं लिहिलं होतं. तिने वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे आता तू ठरवणार? खोड ते." खोडलं. (शीर्षकातलं राहू दे म्हणाली, ते तिला आवडलं.) तिला दारात अडवलं, तर माझी शवपेटीही आत नेऊ नये. ती तिच्याजवळ पायरीवर ठेवावी, आणि ज्यांना माझ्यासाठी प्रार्थना करायची आहे त्यांनी बाहेर यावं.

आमचं लग्नही याच दारात अडलं आहे. पाळकसाहेब म्हणाले, कमिटीच्या परवानगीशिवाय त्यांना लावता येत नाही. मी म्हणालो, कचेरीत जाऊन लावू. मास्तरीण म्हणाली, "माझा बाप्तिस्मा तिथे झालाय. मी का म्हणून जागा सोडू?" आणि वर हेही म्हणाली, "यकृताच्या बदल्यात माझ्यासाठी ठरावातून सूट मागितलीस, तर तुझ्याशी लग्न करणार नाही." म्हणून पहिलं कलम तसं आहे.

पुरवणी. आम्हा दोघांच्या खाटांमध्ये एक पडदा आहे. इथवर लिहून झालं तेव्हा पडद्यापलीकडून पप्पा म्हणाले, "वाच." मी वाचलं. सहाव्या कलमाला ते उठून बसले.

"पेटी पायरीवर? लोक काय म्हणतील?"

"मी ऐकायला नसेन."

"मग मला नको तुझा तुकडा. जो पोरगा सगळ्या मंडळीला दाराबाहेर काढतो, त्याचं मी पोटात ठेवू?"

"पप्पा, विनाअट म्हटलंय. तुम्हालाही अट घालता येणार नाही."

"मी नाही म्हणू शकतो!"

"म्हणा. मग वर गेल्यावर नम्रतेचं काय सांगायचं ते ठरवून ठेवा."

आई खिडकीशी कपडे घडी करत बसली होती. ती उठली. "चर्चची किल्ली कुठे आहे?"

"कशाला?" पप्पा म्हणाले.

"तुम्ही तर इथेच पडून असणार. याचं काही बरंवाईट झालं तर दार कोण उघडणार?"

"ठराव आहे, तुला माहीत आहे."

"ठराव तुमचा. तो उशाला घेऊन झोपा. मी माझं डोकं झाकून दार उघडीन आणि ती जशी येईल तशी तिला हाताला धरून आत नेईन. ज्याला अडवायचंय त्याने आधी मला अडवावं. आणि अडवणाऱ्यांचे रुमाल पुढच्या रविवारी त्यांनीच धुवावेत."

पप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. मग त्यांनी उशीखाली हात घातला, किल्ली काढली आणि पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. भिंतीकडेच बघत म्हणाले, "सकाळी किती वाजता नेणार आहेत आपल्याला?"

ही संमती आहे की थकवा, हे मी अर्ध्या वकिलीवर ठरवू शकत नाही. दस्तऐवजात एवढीच नोंद करतो की किल्ली आईकडे आहे.

मी जगलो तर हे मृत्युपत्र रद्द समजावं. सहावं कलम मात्र रद्द नाही. त्यात 'अंत्यविधी' आहे तिथे 'लग्न' वाचावं आणि शवपेटीच्या जागी मला उभं करावं. बाकी मजकूर तोच.

स्थळ: रुग्णालयाचा दुसरा मजला, खिडकीकडची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.

सही: पाट्या रंगवणारा

साक्षीदार पहिला: जाड्या, मित्र. साक्षीदाराला वाटा ठेवता येत नाही असं मला सांगण्यात आलं आहे. त्याने त्याची गिटार तरी मला द्यायची होती.

साक्षीदार दुसरी: पाळीवरची नर्स. रुग्ण पूर्ण शुद्धीत आहे. पेन मिळालं.